पांढऱ्या घोड्याची आतली बाजू

"खाली उतर."

काठीचं टोक माझ्या बरगडीत. हात नाही लावला गुरुजींनी. हात कसा लावतील? माझा एक पाय लाकडी घोड्याच्या रिकिबीत, दुसरा जमिनीवरून नुकताच सुटलेला, आणि हे मला काठीनं ढोसतायत. दारात शिरलेल्या डुकराला ढोसतात तसं.

"उतर म्हणतो ना! कळत नाही?"

मी म्हटलं, "गुरुजी, माझी फेरी हाय. सकाळधरनं ढकलतीय मी."

गुरुजी हसले. तोंडात पानाचा तोबरा होता. लाल थुंकी ओठाच्या कोपऱ्यातून खाली आली, ती त्यांनी उपरण्यानं टिपली. मग मागं जमलेल्या माणसांकडं वळून म्हणाले, "ढकलताना तूही गोल फिरलीसच की! आणखी कसली फेरी हवी?"

माणसं हसली. पोट धरून हसली. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. माझ्या वर्गातली पोरं घोड्यांवर बसली होती, ती वरून हसली. मी उतरले.

त्या हसण्याची मला आज शरम वाटत नाही. शरम त्यांना वाटायला हवी होती. मला किळस वाटते. नुसती किळस. ती लाल थुंकी आठवली की अजून घास तोंडात फिरतो.

आमचं गाव चाकणच्या रस्त्याला. आता तिथं कंपन्यांच्या शेड आहेत, कंटेनर उभे असतात, शिफ्ट सुटली की रस्ता ओलांडता येत नाही. तेव्हा कांदा होता, बाजरी होती आणि धूळ होती. पिंपरीला सरकारी औषधांचा कारखाना उभा राहतोय असं माणसं सांगायची. माझा बा देहूरोडला लष्कराच्या डेपोत हमाल होता. आठवडाभर तिकडंच राहायचा, शनिवारी संध्याकाळी घरी यायचा. आय गुरुजींच्या गोठ्यात शेण काढायची. हो, ह्याच गुरुजींच्या. गोठ्यात आयचे हात चालायचे. गोठ्यापुढं घराची पायरी होती, तिथं मात्र आयची सावली पडली तरी गुरुजींची बायको पाणी शिंपडायची.

चैत्रात गावच्या भैरोबाची जत्रा भरायची. जुन्नरकडचे एक चाचा बैलगाडीत चक्री घालून आणायचे. मधे उभा खांब, खांबाला आडवे दांडे, दांड्यांच्या टोकांना लाकडी घोडे. इंजन नाही, काही नाही. माणसानं आत शिरायचं, दांड्याला छाती लावायची आणि पळायचं. त्या चक्रीचा एक रिवाज होता. जो ढकलील त्याला एक फेरी फुकट. ज्याच्याकडं आणा नाही त्यानं ढकलावं आणि बसावं. चाचांनी काही हा काढला नव्हता. सगळ्या जत्रांतून असंच चालायचं.

आमच्या महारवाड्यातल्या पोरांकडं आणा कुठला? आम्हीच ढकलायचो. आणि आमची फुकट फेरी व्हायची ती दिवस मावळल्यावर. गाव भैरोबाच्या आरतीला गेलं की चाचा हळूच म्हणायचे, "बैठो, जल्दी बैठो." दोन गिरक्या मारल्या न मारल्या की उतरा. असं चोरून. आपल्याच घामाची फेरी, तीही चोरून. थोरली पोरं ह्यालाच मजा म्हणायची.

मी चौथीत होते. त्या साली मी पहिल्यांदा चक्रीच्या आत शिरले. बाहेरून केवढी देखणी होती चक्री! घोड्यांना लाल, निळे, पिवळे रंग, डोळ्यांत काजळ काढलेलं, गळ्यात घुंगरू. सगळ्यांत देखणा पांढरा घोडा. त्याच्या मानेवर सोनेरी आयाळ रंगवलेली होती. आत शिरले आणि बघते तर काय, आतल्या बाजूला रंगच नाही! रंग फक्त बघणाऱ्यांच्या बाजूला. आमच्या बाजूला उघडं लाकूड, वर आलेले खिळे, भोकात भरलेलं मेण. पांढऱ्या घोड्याला आतल्या बाजूनं डोळासुद्धा नव्हता. आणि त्याच्यावर बसलेल्याची तंगडी. ढकलणाऱ्याला घोडे दिसतच नाहीत. तंगड्या दिसतात. गोल गोल गोल, समोर नुसत्या तंगड्या.

दुपारच्याला पांढऱ्या घोड्यावर पाटलाचा दिनकर बसला. माझ्याच वर्गातला. सकाळपासून ह्यानं जिलबी कोंबली होती, भजी कोंबली होती, वर उसाचा रस. दुसऱ्या गिरकीलाच भडाभडा ओकला. घोड्याच्या मानेवर, आयाळीवर, खोगिरावर. थोडी माझ्या डोक्यावर. अर्धवट चावलेली जिलबी घोड्याच्या कानावरून ओघळत होती. चक्री थांबली. पाटलाच्या माणसांनी दिनकरला उचलून सावलीत नेलं, त्याला कांदा हुंगवला. गुरुजी जत्रेच्या पंचांत होते. त्यांनी काठी माझ्याकडं केली.

"ए पोरी. पूस ते."

मी विचारलं, "कशानं पुसू?"

"तुझ्या अंगावर काय आहे? रेशीम?"

मी परकराच्या घोळानं पुसलं. मान पुसली, खोगीर पुसलं, कान पुसले, सोनेरी आयाळ पुसली. वास असा की माझंच सकाळचं खाल्लेलं वर आलं. मी ओकले असते तर मला कुणी कांदा हुंगवला असता? मी गिळून घेतलं. पुसून झालं तशी गुरुजींनी लांबूनच तांब्याभर पाणी फेकलं. काय धुतलं त्या पाण्यानं? ओकारी तर मी पुसली होती. माझा हात धुतला. दिनकरच्या धाकट्या भावाला लगेच त्याच घोड्यावर बसवलं आणि चक्री सुरू झाली. मीच ढकलली. परकर ओला, चिकट, पायाला लपालपा लागतोय. एवढं सगळं झालं.

चाचांना माझी कीव आली असावी. किंवा भूल पडली. बिचाऱ्यांनी त्या गावात करायची नाही ती चूक केली. उजेडात म्हणाले, "चल बेटी. तेरी बारी. सफेद घोडा ले ले."

मी आयाळीला हात घातला, रिकिबीत पाय घातला. पुढचं सांगितलंच.

मी उतरल्यावर चाचा एवढंच बोलले, "मास्टरसाब, चक्री का रिवाज है..." गुरुजी म्हणाले, "पुढच्या सालची जागा पाहिजे ना?" चाचांनी मान खाली घातली. मी त्यांना दोष देत नाही. पण त्यांची मान खाली गेली हे मी बघितलंय, ते न बघितल्यासारखंही करणार नाही.

हात नको म्हणून काठी. पण ओकारी पुसायला हाच हात चालला. हात चालला, ढुंगण चाललं नाही. इतकं साधं होतं त्यांचं शास्त्र. लहानपणी मला वाटायचं ह्याच्यामागं काहीतरी मोठं असेल, पोथीबिथी असेल, आपल्याला कळत नसेल. त्या दिवशी कळलं, मागं काही नाही. शेणाचा पो उलटला तर खाली असतं तेवढंच.

जत्रा उलगली आणि शाळेत खबर आली, दिपोटी येणार. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. चौथीची परीक्षा तेच घ्यायचे. आणि मला चौथी पास व्हायचंच होतं. बा म्हणाला होता, "चवथी झाली की तुमाला देहूरोडला नेतो. तिथल्या शाळंत पाचवीत घालतो. पर दाखला पायजे." तो दाखला गुरुजींच्या हातात. म्हणजे सगळं त्यांच्याच हातात.

गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, 'चक्रीत बसण्याची मजा'. म्हणाले, "साहेबांना निबंध ऐकायचे आहेत. ज्याची त्याची कुवत बघून मी मदत करणार आहे."

अशी केली मदत. पुढच्या ओळीला मुद्दे दिले. घोडे कसे होते, वारा कसा लागला, वरून गाव कसं दिसलं. त्यांनी आपल्या मनानं लिहायचं. मधल्या ओळीला वाक्यं दिली, गाळलेल्या जागांची. मी अमुक रंगाच्या घोड्यावर बसलो, मी अमुक खाल्ले. रिकाम्या जागी शब्द भरायचा. आणि आम्ही. आम्ही वर्गात नव्हतोच. आम्ही बाहेर पडवीत, आपापलं तरट टाकून. खिडकीतून फळा दिसायचा तेवढा. आम्हाला तयार वाक्यं. आम्ही चक्रीत बसलो. आम्हाला फार मजा आली. आम्ही सर्वांचे आभार मानले. एवढंच उतरवायचं आणि पाठ करायचं. आपल्या मनानं एक अक्षर घालायचं नाही.

पुढच्या ओळीत पाटलाचा दिनकर होता. त्याला स्वतःचं नाव नीट लिहिता येत नव्हतं. त्याचा निबंध गुरुजींनीच लिहिला आणि त्याच्याकडून घोकून घेतला. मी खिडकीतून ऐकून ऐकून पुस्तक पाठ केलं होतं, बेरीज-वजाबाकी दिनकरच्या आधी सांगायची, पण मी कुवत नसलेल्यांत. कुवत बघितलीच कुठं होती? कुणाचं तरट कुठं ते बघितलं होतं.

मी पुढं शिक्षिका झाले. पिंपरीत, कामगारांच्या पोरांच्या शाळेत आयुष्य गेलं. हाताखालून सगळ्या तऱ्हेची पोरं गेली. चार पानं लिहूनही हात न थांबणारी, एका ओळीला घाम फुटणारी, बोलायला लागलं की अडखळणारी, नुसतं चित्र काढणारी. मराठवाड्यातून आलेली, कोकणातून आलेली, घरी वेगळंच बोलणारी. एकदा आमच्या प्रशिक्षणाला एक बाई आल्या. इस्त्रीची साडी, गोड आवाज. म्हणाल्या, "कच्च्या मुलांना तयार वाक्यं द्या, म्हणजे त्यांनाही यशाचा आनंद मिळतो." मी उठून बाहेर गेले आणि नळाखाली तोंड धुतलं. ओकारीचा वास आला मला. खरंच आला. पोराला अक्षर येत नसेल तर हात धरून शिकवा, शब्द सुचत नसेल तर थांबा, तो बोलेल ते तुम्ही लिहून घ्या, काय वाटेल ते करा. पण त्यानं जे भोगलं नाही ते त्याच्या तोंडात कोंबू नका. त्याला मदत म्हणत नाहीत.

तर तेव्हा मी खिडकीशी उभी राहिले. म्हटलं, "गुरुजी, मी चक्रीत बसले न्हाई."

गुरुजींनी वर बघितलंसुद्धा नाही. "मग?"

"मग मजा आली कसं लिवू?"

"साहेबांना काय ठाऊक तू बसलीस का नाही? आणि गोल फिरलीसच की. मी सांगितलं ना तुला?" मग काठी खिडकीच्या गजावर आपटली. "तुमच्यासाठी मरमर मरायचं, तयार लिहून द्यायचं, आणि वर ही मिजास! चौथीत कुजशील, सांगून ठेवतो."

घरी आयला सांगितलं. आय भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "लिव की बाई मजा आली म्हनून. आपलं काय जातंय? दोन आकशरं तर लिवायची. दाखला मिळू दे एकदा, मग थुंक त्येच्या नावानं." मला तिचा राग आला. आता येत नाही. रोज त्या माणसाच्या गोठ्यात वाकणारी बाई ती, तिला माझी पाठ मोडायला नको होती.

शनिवारी बा आला. आयनंच त्याला सगळं सांगितलं, जत्रेतलंही. मी ते लपवलं होतं. परकर धुतला होता, वाळवला होता. बा ऐकत बसला. त्याच्या खांद्याला पेट्या उचलून उचलून गाठी आल्या होत्या, त्या चोळत बसला. मला म्हणाला, "तू बसलीस का?"

"न्हाई."

"मग?"

आय म्हणाली, "आन् दाखला?"

बानं उठून हात धुतले आणि जेवायला बसला. पण त्याचं ते 'मग?' माझ्या डोक्यातून गेलं नाही. गुरुजींनीही मला 'मग?' असंच विचारलं होतं. किती फरक होता दोघांच्यात!

दिपोटी यायच्या दिवशी आम्हाला पडवीतून उचलून वर्गात बसवलं. मागच्या भिंतीला, पण आत. आधी गुरुजींनी बाकीच्या पोरांना सांगून ठेवलं होतं की आज घरी गेल्यावर आंघोळ करा. विटाळ पाळणं कायद्यानं गुन्हा झाला होता तेव्हा. पण आमच्या शाळेत कायदा यायचा तो दिपोटीच्या टांग्यातून यायचा आणि त्याच टांग्यातून परत जायचा. दारात, खिडकीत गावची माणसं उभी होती. पाटील खुर्ची टाकून बसले होते.

दिपोटी जाडजूड, घामाघूम. टोपीनं वारा घेत होते. दिनकर उठला आणि पोपटासारखा बोलला, "मी पांढऱ्या घोड्यावर बसलो. माझा घोडा वाऱ्याच्या वेगाने धावत होता. वरून आमचे गाव चित्रासारखे दिसत होते." दिपोटी म्हणाले, "वा! वा! छान." पाटलांची छाती फुगली. मला त्या घोड्याचा कान दिसत होता, जिलबी ओघळणारा.

मग दिपोटी म्हणाले, "हरिजनांपैकी कोणी?" तो शब्द त्यांनी असा उच्चारला जसं तोंडात गरम काही होतं. गुरुजींनी काठी आमच्या सख्याकडं केली. सख्या उठला. "आम्ही चक्रीत बसलो. आम्हाला फार मजा आली. आम्ही सर्वांचे आभार मानले." त्याचा आवाज थरथरत होता. तोही माझ्याबरोबर दिवसभर ढकलत होता. त्याच्या खांद्याला दांड्यानं कातडं सोललं होतं आणि अजून खपली धरलेली नव्हती. आणि तो म्हणत होता आभार.

मला शिसारी आली. मी उभी राहिले.

गुरुजी म्हणाले, "बस खाली."

दिपोटी म्हणाले, "असू द्या, असू द्या. वाच बाळ."

मी पाटीवर आपल्या मनानं लिहिलं होतं. बारीक अक्षरात एक बाजू काठोकाठ भरली होती. वाचलं.

"मी चक्रीत बसले नाही. मी चक्री ढकलली. चक्रीच्या घोड्याला आतल्या बाजूने रंग नसतो. आतून खिळे दिसतात. आतून पांढऱ्या घोड्याला डोळा नाही. पाटलांचा दिनकर पांढऱ्या घोड्यावर ओकला. ती ओकारी जिलबीची होती. ती मी माझ्या परकराने पुसली. पुसताना घोडा बाटला नाही. मग माझी पाळी आली. ढकलणाऱ्याला एक फेरी मिळते, असा चक्रीचा नियम आहे. मी बसत होते तेव्हा गुरुजींनी मला काठीने उतरवले. ते म्हणाले, ढकलताना तूही गोल फिरलीस. बैलही घाण्याला गोल फिरतो. त्याला कोणी विचारत नाही मजा आली का. मला मजा आली नाही. मला घाण वाटली."

पाटील उठून उभे राहिले, मग काय करावं ते न सुचून परत बसले. दिपोटींनी टोपी डोक्यावर ठेवली. म्हणाले, "गुरुजी, पाटी आणा बरं इकडे."

आणि गुरुजी जागच्या जागी थिजले.

मी पाटी पुढं केली. दोन्ही हातांनी. गुरुजींनी ती माझ्या हातातून घ्यायची होती, बस, एवढंच. घेतली तर दारातलं सगळं गाव बघत होतं. संध्याकाळी त्यांच्या घरात काय झालं असतं, देवळात काय झालं असतं! नाही घेतली तर दिपोटी बघत होते. पानाचा तोबरा त्यांच्या गालात तसाच राहिला, चावायचंही विसरले. हळूच म्हणाले, "खाली ठेव."

रोज मी खालीच ठेवायची. जमिनीवर पाटी ठेवायची, मागं सरायचं, मग गुरुजी वाकून बघायचे, काठीनं चूक दाखवायचे. ती आमची रीतच होती. त्या दिवशी मी नाही ठेवली. म्हटलं, "घ्या की गुरुजी."

माझे हात दुखायला लागले तरी मी पाटी धरून उभी. पोरगी एवढीशी, पण मला कळत होतं की हा माणूस मला भितोय. काठीवाला माणूस. मला वाटलं, आता हे साहेब बोलतील. सरकारचं माणूस आहे, टांग्यातून आलंय, ह्यांना सगळं कळलंय. कळलं होतंच. त्यांनी माझ्याकडं बघितलं, गुरुजींकडं बघितलं, दारातल्या माणसांकडं बघितलं. मग खिशातून घड्याळ काढलं.

"राहू द्या, राहू द्या. उशीर झाला." आणि मग मला म्हणाले, "अक्षर बरं आहे. पण निबंध विषयाला सोडून झाला. विषय मजा असा होता ना, बाळ?"

गुरुजींच्या त्या थुंकीपेक्षा मला ह्या 'बाळ'ची जास्त किळस येते. गुरुजी निदान काठी उघड धरायचे. हे बाळ म्हणाले, आणि पाटलांच्या वाड्यावर पुरणपोळी खायला गेले.

साहेबांचा टांगा हलला तसे गुरुजी परत गुरुजी झाले. खिडकीतून पचकन थुंकले. "पूस ती पाटी."

मी उभीच.

"पूस म्हणतो ना!"

"न्हाई पुसनार."

काठी माझ्या दंडावर बसली. पाटी हलली, पण सुटली नाही. "पूस!"

म्हटलं, "एकदा पुसलं. आता न्हाई."

ते पोरांवर ओरडले, "हिसकावून घ्या रे तिच्याकडनं!" एक पोर हललं नाही. कसं हलेल? पाटीला हात लावायचा म्हणजे मला लावायचा. गुरुजींनीच शिकवलं होतं त्यांना. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा विटाळ माझ्या कामी आला. मी पाटी छातीशी नाही धरली, अक्षरं पुसली असती. समोर धरली, लिहिलेली बाजू बाहेर, आणि तशीच वर्गातून, पडवीतून, गावातल्या मधल्या रस्त्यानं चालत घरी गेले. वाचता येणाऱ्यांनी वाचावी. काहींनी वाचली. कुणी अडवलं नाही, कारण अडवायला हात लागला असता.

मला चौथीत नापास केलं. दाखला नाही दिला. आयचं गोठ्याचं काम सुटलं, म्हणजे त्यांनी सोडवलं. आय महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. बा आम्हाला तरीही देहूरोडला घेऊन गेला आणि मी तिथं परत चौथीत बसले, माझ्यापेक्षा वर्षानं लहान पोरांत. वर्ष गेलं. कुणी भरून दिलं नाही. सत्याचा विजय वगैरे काही झालं नाही. गुरुजी म्हातारे होईस्तोवर त्याच शाळेत शिकवत राहिले, आणि ते गेले तेव्हा गावानं त्यांच्या नावानं पार बांधला.

पण पुढच्या चैत्रात आम्ही जत्रेला गावी गेलो. बा आधीच्या शनिवारी एकटाच जाऊन महारवाड्यात बसून आला होता. काय बोलला ते मला ठाऊक नाही, त्याला लांबलचक बोलता यायचं नाही. जत्रेच्या दिवशी चक्री उभी राहिली. घोड्यांना नवा रंग दिला होता, बाहेरून. पोरं चढून बसली. पांढऱ्या घोड्यावर दिनकर. आणि आत ढकलायला कुणी शिरेना. आमची पोरं, सख्यासकट, चक्रीच्या भोवती उभी. हाताची घडी घालून. नुसती बघत.

गुरुजी काठी घेऊन आले. "शिरा रे आत! काय तमाशा लावलाय?"

सख्या म्हणाला, "आमी गेल्या साली लई फिरलो, गुरुजी. आता तुमी फिरा." ज्यानं थरथरत आभार मानले होते, तो सख्या.

घोड्यांवरची पोरं रडायला लागली. चाचा एकटेच दांड्याला लागले, चक्री हातभर सरकली आणि थांबली. मग चाचा माझ्याकडं आले. घामेजले होते. म्हणाले, "बेटी, तू बैठ जा पहले. सबके सामने. सफेद घोडे पर. फिर तो ये लोग ढकेलेंगे ना?"

गुरुजी ऐकत होते. ह्या खेपेला त्यांनी काठी उचलली नाही. दिनकर तर उतरायलाच लागला होता. एक पाऊल टाकलं असतं की मी बसले असते, भर दुपारी, अख्ख्या गावासमोर. वर्षभर मी ह्याच गोष्टीची स्वप्नं बघितली होती.

मी घोड्याकडं बघितलं. रंगवलेली आयाळ, काजळ घातलेला एक डोळा. दुसऱ्या बाजूला काय आहे ते मला ठाऊक होतं. मी बसायचं आणि सख्यानं आत तंगड्या बघत पळायचं?

"मला न्हाई बसायचं, चाचा," मी म्हटलं. "आन् ढकलायचंबी न्हाई."

ती चक्री त्या दिवशी फिरली नाही. त्यानंतर आजपर्यंत मी कुठल्याही चक्रीत बसले नाही, माझ्या पोरांना बसवलं नाही, आणि कुणाला ढकलूही दिली नाही. माझ्या वर्गात जत्रेचा निबंध आला की मी फळा कोरा ठेवायची आणि पोरांना एकच विचारायची, तू बसला होतास का ढकलत होतास? जो ढकलत होता त्यानं तेच लिहायचं. आणि ते कुणीही पूस म्हणालं तर पुसायचं नाही, मग ती मी का असेना.